भोंग्याच्या हाकेवरचे गाव

सहलीचा विचार निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम लेणी, किल्ला अथवा समुद्रकिनारा उभा राहतो, व ते साहजिकच आहे. परंतु मुंबई शहराच्या अगदी मध्यभागी असा एक भाग आहे की, जो पाहावयास म्हणून सहसा कोणी जात नाही. भायखळ्यापासून परळपर्यंत आणि काळाचौकीपासून लोअर परळ व वरळीपर्यंत पसरलेला हा भाग गिरणगाव ह्या नावाने ओळखला जातो. काजळलेल्या भिंती, मोडकळीस आलेल्या चाळी, गजबजलेले नाके व मधूनच डोके वर काढणारे एखादे धुराडे, एवढेच त्याचे रूप आगगाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसते आणि मागे पडते. २०११ साली लालबागचा उड्डाणपूल झाल्यापासून तर मोटारीतून जाणाऱ्यास तेवढेही दिसेनासे झाले आहे. ह्या भागातून पायी फेरी कशी करावी, तीत काय पाहावे व जे दिसेल त्याचा अर्थ कसा लावावा, हे ह्या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

ही फेरी पायीच का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ह्या वस्तीची रचनाच मुळी पायी चालणाऱ्या माणसाच्या मापाने झालेली आहे. गिरणीतील कामगारास पहाटेचा भोंगा होताच उठावे लागे व शेवटचा भोंगा होण्यापूर्वी फाटकाच्या आत शिरावे लागे. उशीर झाला की फाटक बंद, त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या एखाद्या बदली कामगारास त्याची जागा मिळाली. रोजचे ट्रामचे भाडे गरिबास परवडणारे नव्हते. तेव्हा घर असे हवे की, तेथे भोंगा ऐकू यावा आणि तेथून चालत निघून वेळेवर पोहोचता यावे. घर गिरणीजवळ आले म्हणजे खाणावळ, वाण्याचे दुकान, देऊळ, तालीम, दवाखाना व सभेचे मैदान हीही त्याच मापात बसणे ओघानेच आले. भोंग्याचा आवाज जेथवर जाई तेथवर हे गाव वसले. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व फेरीचा उलगडा होतो.

फेरीस निघण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू. परळ हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक होय. बेटांमधील सखल भाग भरून काढल्यावर शहराच्या उत्तरेस पुष्कळ मोकळी जमीन निघाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली व पुढे लोहमार्ग घाट ओलांडून गेल्यावर देशावरचा कापूस मुंबईच्या दाराशी येऊ लागला. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले व व्यापाऱ्यांच्या हाती भांडवल साचले. शिवाय मुंबईची हवा दमट. कोरड्या हवेत सूत वरचेवर तुटते, दमट हवेत ते टिकते. रेल्वे, जमीन, भांडवल व हवा ह्या चार गोष्टी अशा जुळून आल्या. पाचवी गोष्ट म्हणजे माणसे. ती रत्नागिरीकडून आगबोटीने व साताऱ्या-कोल्हापुराकडून घाट उतरून आली. १९३० च्या सुमारास शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या.

आता आपण भायखळा स्थानकापासून निघू. ही दगडी इमारत १८५७ सालची आहे. अलीकडे तिचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला व २०२२ साली त्या कामाचा युनेस्कोने गौरव केला. स्थानकाच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर नागपाडा आहे. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी 'नागपाडा नेबरहूड हाउस' ही संस्था उघडली. गरीब वस्तीत स्वतः राहावे, शेजाऱ्यांच्या अडचणी जवळून पाहाव्या व मग उपाय योजावा, अशी तिची पद्धत होती. समाजसेवेचे शास्त्रीय शिक्षण देणारी टाटांच्या नावाची संस्था १९३६ साली ह्याच घरात सुरू झाली व पुढे सर्व देशात नावारूपास आली. वस्तीत पायी हिंडून तिचा अभ्यास करण्याची ही वाट अशी जुनीच आहे.

स्थानकाच्या पूर्वेस राणीची बाग लागते. ही १८६२ साली खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव आहे. तिच्यालगत १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय असून १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले आहे. घारापुरी बेटास ज्याच्यावरून परक्यांनी 'एलिफंटा' हे नाव दिले तो काळ्या दगडाचा हत्ती येथेच उभा आहे. आत निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत, त्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहाव्या.

बागेत रविवारी फिरावयास जाणे आपणास अगदी स्वाभाविक वाटते. परंतु गिरणीकामगारास रविवार हा वारच मुळी झगडून मिळवावा लागला. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिल महिन्यात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. तत्पूर्वी महिनोन् महिने एक दिवसही विसावा नसे. विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसास नऊ तासांवर आणले. ह्यास त्या काळी सुधारणा म्हणत. मुलांच्या कामाच्या वयाची किमान मर्यादा बारा वर्षांवर येण्यास १९२२ साल उजाडावे लागले. आपण ज्या वयात पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातो, त्या वयाची मुले ह्याच रस्त्याने भोंग्याच्या हाकेस ओ देत गेलेली आहेत.

बागेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने उत्तरेस चालू लागले म्हणजे चिंचपोकळी व लालबाग लागतात. येथे चाळींची रचना बारकाईने पाहावी. प्रत्येक मजल्यावर एक लांब सज्जा, त्यावर ओळीने उघडणाऱ्या खोल्या, आणि नळ व शौचकूप बहुधा सर्वांस मिळून एकाच टोकाला. खोली एवढीशी की, कुटुंब वाढले म्हणजे सज्जा हीच ओसरी, अभ्यासिका व उन्हाळ्यातील शेजघर होई. एकट्याने आलेल्या कामगारांचा प्रकार निराळा. एका गावचे पंधरा-वीस जण मिळून एक गाळा भाड्याने घेत. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर पथारी पसरीत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी, आणि भाडे व गावच्या उत्सवाची वर्गणी ह्यांचा सामाईक हिशेब. ह्या गावकरी मंडळांनी आपल्या गावी पाठविलेल्या पैशांतून कित्येक शाळा व देवळे उभी राहिली. मुंबईत ज्याला खोलीचा एक कोपराच वाट्यास आला, त्याने गावी शाळेस खोली बांधून दिली, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

एवढ्या माणसांच्या जेवणाची सोय खाणावळींनी केली. ह्या खाणावळी चालविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. गिरणीतील सूत गुंडाळण्याच्या खात्यांत पूर्वी पुष्कळ स्त्रिया काम करीत व त्यांच्यावर देखरेख करणारीस नायकीण म्हणत. पुढे यंत्रे सुधारली, कामाची पद्धत बदलली आणि स्त्रियांच्या नोकऱ्या कमी होत गेल्या. मग कित्येकींनी घरीच दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करून देण्याचा धंदा धरला. महिनाअखेर पैसे मिळेपर्यंत वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज हे त्यांचे कायमचे दुखणे होते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. लालबागच्या चिवडा गल्लीचा आणि मसाल्याच्या बाजाराचा दरवळ आजही वाटसरूस थांबवितो. उन्हाळ्यात घरोघरच्या गृहिणी येथे मिरची, धने व गरम मसाला निवडून घेतात, भाजवितात व डंख्यावर कुटून नेतात.

ह्याच परिसरात सार्वजनिक गणेशोत्सवाची जुनी मंडळे आहेत. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, आणि लालबागच्या बाजारातील प्रसिद्ध गणपती १९३४ पासूनचा. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद पडल्यामुळे उघड्यावर आलेल्या कोळी व किरकोळ व्यापारी लोकांनी नवी जागा मिळावी म्हणून नवस केला व बाजार मिळाल्यावर हा उत्सव सुरू केला. आज लक्षावधी लोक जेथे रांगा लावतात, त्या उत्सवाचे मूळ पोटापाण्याच्या चिंतेत आहे, हे जाणणाऱ्यास तेथील गर्दी निराळीच दिसते.

लालबागेतून पुढे परळला येता क्षणी रस्त्यावर इस्पितळांची गर्दी दिसते. वाडियांचे प्रसूतिगृह व के. ई. एम. रुग्णालय ही दोन्ही १९२६ ची, आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. जवळच हाफकिन संस्था आहे. ही वास्तू एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. भोवती गिरण्यांचा धूर दाटू लागला, रोगराई वाढली आणि गव्हर्नरसाहेब मलबार पॉइंटवर समुद्राच्या वाऱ्यास राहावयास गेले. कामगारांस मात्र तशी सोय नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली व १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा ह्या जुन्या राजभवनात आली. प्लेगमुळेच अंधाऱ्या, कोंदट घरांकडे सरकारचे लक्ष वेधले व १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट नेमण्यात आला. त्याने बांधलेल्या चाळी बीआयटी चाळी म्हणून प्रसिद्ध आहेत.

परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे राहिले. परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आल्यावरही ते ह्याच चाळीत परतले. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने ह्या भागात रात्रशाळा व वाचनालये चालविली. तिच्या परळ येथील दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलाविलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा उगम झाला. येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, मजुरी अधिक मिळे. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांस तेथे प्रवेश नसे. धोट्यातील धागा तुटला म्हणजे तो तोंडाने ओढून ओवावा लागे, त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगण्यात येई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय संपवावा अशी मागणी केली. एकाच भोंग्यावर धावणाऱ्या माणसांतही अशी भिंत होती. जुन्या वस्तीचा अभिमान बाळगताना हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परळ सोडण्यापूर्वी बारादेवीच्या देवळातील शिवाची अखंड पाषाणमूर्ती पाहावी. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता ती जमिनीतून निघाली. एकाच शिळेवर शिवाच्या अनेक आकृती एकीतून एक वर उमलत गेल्या आहेत. विद्वानांच्या मते ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहे. धुराड्यांच्या ह्या गावाखाली असे एक फार जुने गाव निजलेले आहे.

आता भारतमाता चित्रपटगृहाच्या नाक्यावर परत यावे आणि करी रोडचा पूल ओलांडून पश्चिमेस जावे. येथे ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी आहेत. सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी व येथे मिळून २०७ इमारती बांधल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. आता त्यांच्या जागी नवी घरे होत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीच्या आठवणी गोड असल्या तरी सार्वजनिक नळावर तिष्ठण्यात आयुष्य गेलेल्या माउलीस स्वतःच्या घरात नळ मिळाला, ह्याचा आनंद आपणही मानला पाहिजे.

ह्याच भागातील रस्त्यांनी मोठमोठे संप पाहिले. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. दरम्यान यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती, गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती आणि कापडापेक्षा जमिनीस मोल अधिक आले होते. एकेक भोंगा मुका झाला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या मैदानांसाठी व एक तृतीयांश घरांसाठी द्यावयाचा होता. परंतु २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती ठेवण्यात आली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. परिणामी शहराच्या वाट्यास फारच थोडी जमीन आली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत आज झगमगते बाजार आहेत. मधोमध जुने धुराडे तेवढे उभे आहे. कामगारांच्या काही वारसांना सोडतीने घरे मिळाली, त्यांतील पुष्कळशी पनवेलजवळच्या कोन येथे आहेत. चालत गिरणी गाठता यावी म्हणून ज्यांचे घर येथे होते, त्यांच्या मुलांना आज त्याच जागेवरील कचेरीत येण्यास आगगाडीने दोन दोन तास मोडावे लागतात. गिरणगाव नाहीसे होत आहे ह्याचा खरा अर्थ हा: इमारतींपेक्षा ते जवळचे अंतरच हरवले आहे.

फेरीचा हा मार्ग सुमारे दोन कोसांचा आहे व सकाळचा वेळ त्यास पुरे. आठ-दहांहून अधिक जणांनी एकत्र जाऊ नये. चाळीच्या सज्जात विचारल्याखेरीज शिरू नये. तो लोकांच्या घराचाच भाग असतो. कोणाच्या गरिबीचे छायाचित्र काढू नये. एखादे वृद्ध गृहस्थ नाक्यावर बसलेले दिसले तर नमस्कार करून एवढेच विचारावे, "आजोबा, आपण कोणत्या खात्यात होता?" गिरणीत काम केलेल्या मनुष्यास ह्या प्रश्नाने आपण त्याचे काम जाणू इच्छितो हे कळते, आणि पुष्कळदा तो आपण होऊन बोलू लागतो. जे ऐकाल ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावे. रिंगखात्यातील उष्णता, साचेखात्यातील कानठळ्या बसविणारा खडखडाट, छातीत साठलेली कापसाची रुई, ह्या गोष्टी सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या घरी किंवा नात्यात कोणी गिरणीत काम केलेले असल्यास त्यांचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी अथवा जुने छायाचित्र जपून ठेवावे व मुलांना त्याची हकीगत सांगावी. कवी नारायण सुर्वे यांस अर्भकावस्थेत रस्त्यावरून उचलून एका गिरणीकामगाराने आपल्या खोलीत वाढविले व शिकविले. त्या एवढ्याशा खोलीतून मराठीस केवढा मोठा कवी मिळाला! असा मोठेपणा शिलालेखावर कोरलेला नसतो. तो कोणी सांगितला तरच पुढे कळतो.

विद्यार्थिमित्रहो, आपणास शाळा, रुग्णालये, रविवारची सुट्टी व कामाच्या तासांचा कायदा ह्या गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा ज्यांच्या श्रमाने व झगड्याने मिळाल्या ती माणसे ह्या रस्त्यांवरून रोज पहाटे पायी जात होती. एक सकाळ त्यांच्या वाटेने चालून पाहावे, एवढे तरी आपण करू शकतो.